घोड्याच्या रक्ताची साक्ष

घोड्याच्या शरीरात शिरलेला परजीवी रक्तातून तीन वाटांनी ओळखता येतो. एक तर तो परजीवीच सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. नाहीतर त्याच्याशी लढताना घोड्याच्या शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे शोधायची. तिसरी वाट म्हणजे त्याच्या डीएनएचा अंश पकडायचा. तिन्ही तपासण्यांचा अहवाल ‘पॉझिटिव्ह’ किंवा ‘निगेटिव्ह’ असाच येतो, पण त्यांनी विचारलेले प्रश्न निरनिराळे असतात. पहिली विचारते, या थेंबात आत्ता परजीवी दिसतो का? दुसरी विचारते, या घोड्याची आणि परजीवीची कधी गाठ पडली होती का? तिसरी विचारते, परजीवीचा काही अंश या नमुन्यात उरला आहे का? कोणता प्रश्न विचारला आहे हे ध्यानात न घेता अहवाल वाचला, तर आजारी घोडा निरोगी ठरतो किंवा बरा झालेला घोडा उगाच औषधे खात राहतो.

हा सारा गुंता सर्रा या रोगात सर्वांत ठळकपणे दिसतो आणि घोड्याच्या रक्ततपासणीच्या इतिहासाची सुरुवातही त्याच रोगापासून होते. १८८० साली पंजाबच्या सरहद्दीवर, आज पाकिस्तानात असलेल्या डेरा इस्माईल खान येथे, लष्कराचे घोडे, खेचरे आणि उंट झिजून मरत होते. ग्रिफिथ इव्हान्स या वेल्श पशुवैद्याला तपासासाठी तिकडे पाठवण्यात आले. आजारी जनावरांच्या ताज्या रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेऊन पाहताना त्यांना तांबड्या पेशींना ढकलत, वळवळत फिरणारे सूक्ष्म जीव दिसले. अशा जीवांचे वर्णन नवे नव्हते. कलकत्त्यात टिमोथी लुईस यांनी १८७८ मध्ये उंदरांच्या रक्तात त्यासारखेच जीव पाहिले होते, पण ते उंदरांना फारसे बाधत नसत. त्यामुळे रक्तात असा जीव दिसला म्हणजे रोगाचे कारण सापडले, हे मानायला त्या काळचे तज्ज्ञ तयार नव्हते. इव्हान्स यांनी आजारी जनावराचे रक्त निरोगी जनावरांना टोचले, त्यांनाही तोच रोग झाला आणि त्यांच्या रक्तातही तोच जीव दिसला. या गटातल्या जीवांना ट्रिपॅनोसोम म्हणतात. सस्तन प्राण्यांना रोग देणारा ट्रिपॅनोसोम जगात प्रथमच असा सापडला. आफ्रिकेतल्या निद्रारोगामागेही ट्रिपॅनोसोमच आहे, हे यानंतर वीसहून अधिक वर्षांनी उलगडले.

या कामाचा पुढचा धागा मुंबई-पुण्याशी जोडलेला आहे. जॉन हेन्री स्टील यांनी १८८५ मध्ये ब्रह्मदेशातल्या लष्करी खेचरांमध्ये हाच रोग अभ्यासला आणि त्या जीवाला इव्हान्स यांचे नाव दिले. पुढच्याच वर्षी, १८८६ मध्ये, परळला मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि स्टील त्याचे पहिले प्राचार्य झाले. १८८९ मध्ये पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये इम्पीरिअल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी स्थापन झाली. तिचे प्रमुख आल्फ्रेड लिंगार्ड यांच्या सुरुवातीच्या कामात घोड्यांच्या सर्राचा मोठा वाटा होता आणि त्यावरचा त्यांचा अहवाल १८९३ मध्ये प्रसिद्ध झाला. ही प्रयोगशाळा नंतर कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलली. आज इज्जतनगरला असलेली भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था तिचीच वाढ आहे. देशातल्या पशुरोग संशोधनाच्या या आद्य संस्थेचे पहिले दिवस पुण्यात गेले आणि तिच्या पहिल्या विषयांपैकी एक घोड्याचे रक्त हा होता, हे महाराष्ट्रात फारसे कुणाला ठाऊक नसते.

सर्राचा जीव म्हणजे ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी. तो एकपेशीय असून लांबी साधारण १५ ते ३४ मायक्रॉन, अंगाला लाटांसारखी हलणारी पातळ झालर आणि पुढे शेपटासारखा तंतू. तो तांबड्या पेशीत शिरत नाही, रक्तद्रवात मोकळा पोहतो. त्याचे आफ्रिकेतले भाईबंद त्सेत्से माशीच्या पोटात वाढीचा एक टप्पा पुरा करतात. याने ती क्षमता गमावली आहे. त्यामुळे त्याला विशिष्ट माशीची गरज उरली नाही. टॅबॅनस जातीची मोठी चावरी माशी किंवा तबेल्यातली स्टोमॉक्सिस माशी आजारी जनावराचे रक्त पिताना हाकलली गेली आणि लगेच शेजारच्या जनावरावर बसली, की तिच्या तोंडाला लागलेल्या रक्तातून परजीवी पुढे जातो. उंटांच्या तांड्यांबरोबर तो आफ्रिकेबाहेर पडला आणि आशियाभर पसरला. पावसाळ्यात आणि पावसाळा सरताना या माश्या वाढतात, तेव्हा सर्राही वाढतो. गायी-म्हशींमध्ये तो बऱ्याचदा गुपचूप राहतो. घोड्यात मात्र घातक ठरतो. ताप येतो, उतरतो, पुन्हा येतो. खाणे चालू असूनही घोडा खंगतो. पायांवर आणि पोटाखाली सूज उतरते, डोळ्यांच्या पापण्यांचा आतला भाग फिकट पडतो आणि पुढे मागचे पाय लटपटू लागतात. उपचार न झाल्यास काही आठवड्यांत किंवा काही महिन्यांत घोडा दगावतो.

या चढउताराच्या तापातच निदानाची मुख्य अडचण दडलेली आहे. ट्रिपॅनोसोमच्या अंगावर एकाच प्रथिनाच्या सुमारे एक कोटी रेणूंचे दाट आवरण असते. घोड्याचे शरीर त्या आवरणाविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते आणि बहुतेक परजीवी मारले जातात. मात्र त्यांच्यातल्या थोड्यांनी तोवर आवरण बदललेले असते. वेगवेगळ्या आवरणांची हजाराहून अधिक जनुके त्यांच्या साठ्यात असतात. जुन्या प्रतिपिंडांना न जुमानणारी ही नवी पिढी वाढते, ताप पुन्हा चढतो, पुन्हा प्रतिपिंडे, पुन्हा घट. म्हणजे एकाच आठवड्यात त्याच घोड्याच्या रक्तात सोमवारी परजीवींची गर्दी असू शकते आणि शुक्रवारी एकही दिसत नाही.

सर्वांत साधी तपासणी इव्हान्स यांनी केली तीच. ताज्या रक्ताचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा, वर पातळ काच ठेवायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. परजीवी स्वतः दिसण्याआधी त्याच्या धडकेने हलणाऱ्या तांबड्या पेशी दिसतात. खर्च जवळजवळ नाही, उत्तर मिनिटांत मिळते आणि होकार आला तर शंकेला जागा राहत नाही. पण एक मिलिलिटर रक्तात सुमारे एक लाख परजीवी असल्याशिवाय या पद्धतीने ते हमखास सापडत नाहीत. मध्यम बांध्याच्या घोड्याच्या अंगात साधारण ३० लिटर, म्हणजे ३० हजार मिलिलिटर रक्त असते. दर मिलिलिटरला एक हजार परजीवी धरले तरी त्या घोड्याच्या रक्तात तीन कोटी ट्रिपॅनोसोम फिरत असतात, आणि काचपट्टी मात्र कोरी दिसते. काचपट्टीवरच्या नकाराला किती वजन द्यायचे हे या हिशेबावरूनच ठरवायला हवे. रक्ताचा पातळ थर वाळवून गिम्सा रंगाने रंगवल्यास परजीवीचा आकार नीट ओळखता येतो आणि काचपट्टी दूरच्या प्रयोगशाळेला पाठवता येते. शोधण्याची ताकद मात्र त्याने वाढत नाही.

म्हणून रक्त केव्हा आणि कसे घेतले याला तपासणीइतकेच महत्त्व आहे. ताप चढलेला असताना घेतलेला नमुना सर्वांत उपयोगी. औषध टोचल्यानंतर घेतलेल्या नमुन्यात परजीवी शोधणे बहुधा व्यर्थ ठरते, तरी गावोगाव क्रम हाच असतो: आधी इंजेक्शन, गुण आला नाही की मग रक्त. घोड्याचे रक्त सहसा मानेतल्या मोठ्या शिरेतून घेतात. परजीवी पाहायचे किंवा त्यांचा डीएनए शोधणारी पीसीआर ही चाचणी करायची असेल तर ते गोठू नये म्हणून ईडीटीए घातलेल्या नळीत, आणि प्रतिपिंडे पाहायची असतील तर साध्या नळीत, गोठल्यावर वर येणारे रक्तजल मिळावे म्हणून. ताज्या थेंबाची तपासणी काही तासांतच व्हायला हवी, कारण ट्रिपॅनोसोम नळीत फार काळ जिवंत राहत नाहीत. मेलेला, न हलणारा परजीवी तांबड्या पेशींच्या गर्दीत डोळ्याला सापडत नाही. आणखी एक दक्षता अनेक घोडे रांगेने तपासताना घ्यावी लागते: प्रत्येक घोड्याला नवी सुई. तीच सुई पुढच्या घोड्याला वापरली तर तपासणी करणाराच माशीचे काम करतो.

काचपट्टीची मर्यादा ओलांडण्याचा एक सोपा उपाय पॅट्रिक वू यांनी १९६९-७० च्या सुमारास रूढ केला. बारीक काचनळीत रक्त भरून ती वेगाने फिरवायची. जड तांबड्या पेशी तळाशी बसतात, वर रक्तद्रव राहतो आणि दोहोंच्या सीमेवर पांढऱ्या पेशींचा पातळ थर येतो. ट्रिपॅनोसोम तिथेच गोळा होतात. नळी न फोडता सीमेवरचा तो भाग सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर मिलिलिटरला ५० ते २०० परजीवी असले तरी ते सापडू शकतात. साध्या थेंबाच्या तुलनेत ही झेप मोठी आहे, आणि त्यासाठी लागणारे यंत्र जिल्ह्याच्या ठिकाणी सहज असू शकते. त्याच नळीत तांबड्या पेशींचे प्रमाणही मोजून मिळते, म्हणजे रक्तक्षय किती झाला आहे हे वेगळ्या तपासणीशिवाय कळते. क्षेत्रीय कामासाठी याहून किफायतशीर पद्धत सांगता येणार नाही. याहूनही बारीक शोध घेणारी जुनी पद्धत म्हणजे संशयित रक्त प्रयोगशाळेतल्या उंदराला टोचणे. मिलिलिटरला एक-दोन परजीवी असले तरी उंदरात ते वाढतात. मात्र उत्तराला आठवडे लागू शकतात आणि त्यासाठी आणखी एका प्राण्याचा जीव जातो. आज ही पद्धत संशोधनापुरतीच उरत चालली आहे.

परजीवी हाती लागत नाही तेव्हा त्याच्या खुणा शोधाव्या लागतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात यासाठी ओबडधोबड चाचण्या होत्या. रक्तजलात फॉर्मॅलिनचे दोन थेंब टाकले आणि ते घट्ट झाले तर सर्राचा संशय घ्यायचा. जुनाट आजारात ग्लोब्युलिन प्रथिने वाढतात म्हणून हे घडते. पण ती इतर कितीतरी आजारांतही वाढतात. त्यामुळे या चाचणीने संशय वाढे, निदान होत नसे. खरा बदल विशिष्ट प्रतिपिंडे मोजता येऊ लागल्यावर झाला. बेल्जियममधल्या अँटवर्प येथील उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेने तयार केलेली कार्डावरची चाचणी यात सर्वाधिक प्रसिद्ध आहे. रॉटॅट १.२ नावाचे आवरण असलेले ट्रिपॅनोसोम मारून, निळ्या रंगाने रंगवून त्यांचे द्रावण बनवतात. हे आवरण बहुतेक संसर्गांत सुरुवातीलाच प्रकट होते, म्हणून जवळपास प्रत्येक बाधित जनावरात त्याविरुद्धची प्रतिपिंडे असतात. कार्डावर द्रावणाचा आणि रक्तजलाचा थेंब मिसळून ते पाच मिनिटे फिरवतात. प्रतिपिंडे असली तर निळे कण एकमेकांना चिकटून गुठळ्या दिसतात. एलायझा ही दुसरी पद्धत एकाच वेळी बरेच नमुने तपासते. ९६ खळग्यांच्या पट्टीवर परजीवीची प्रथिने चिकटवलेली असतात. त्यांवर रक्तजल आणि मग रंग आणणारे विकर जोडलेले दुसरे प्रतिपिंड घालतात, आणि रंगाच्या गडदपणावरून प्रतिपिंडांचे प्रमाण यंत्र मोजते. हरियाणात हिसारला असलेले राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र घोड्यांच्या अशा निदानाचे देशातले मुख्य ठिकाण आहे.

प्रतिपिंडांची चाचणी काय सांगते आणि काय सांगत नाही, याचे सर्वांत बोलके उदाहरण महाराष्ट्रातच घडले, आणि ते माणसांचे आहे. २००४ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला वारंवार ताप येऊ लागला आणि त्याच्या रक्तात ट्रिपॅनोसोम दिसले. तपासाअंती तो ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी निघाला. जनावरांचा हा परजीवी माणसात सिद्ध झाल्याची ही पहिली नोंद. माणसाच्या रक्तात अपोएल-१ नावाचे प्रथिन असते आणि ते या परजीवीला मारते. या शेतकऱ्याच्या दोन्ही जनुक-प्रतींतल्या दोषामुळे ते त्याच्या रक्तात नव्हते, हे २००६ मध्ये दाखवण्यात आले. सुरामिन या औषधाने तो बरा झाला. त्यानंतर त्याच्या गावातल्या १८०६ लोकांची जनावरांसाठी बनवलेल्या त्याच कार्डाने तपासणी झाली. ४१० जणांचे रक्त कार्डावर पॉझिटिव्ह आले. रक्तजल पातळ करत पुन्हा तपासल्यावर ठळक होकार देणारे ६० उरले, आणि त्या ६० पैकी एकाच्याही रक्तात परजीवी सापडला नाही. माश्या चावत होत्या, परजीवी शरीरात जात असावा, शरीर त्याला ओळखून मारत असावे, किंवा काही जणांच्या बाबतीत कार्ड दुसऱ्याच कशाला प्रतिसाद देत असावे. यांपैकी काहीही असले तरी ते लोक आजारी नव्हते. फक्त कार्ड पाहून औषध दिले असते तर शेकडो निरोगी माणसांना ते द्यावे लागले असते, आणि सुरामिन हे काही निरुपद्रवी औषध नव्हे.

घोड्याच्या बाबतीत हाच प्रश्न बरा झालेल्या जनावरात येतो. क्विनापिरॅमिनसारख्या औषधाने परजीवी मेले तरी प्रतिपिंडे काही महिने रक्तात राहतात. उपचारानंतर लगेच केलेली एलायझा पॉझिटिव्ह येते म्हणून औषध फसले असे म्हणता येत नाही. याउलट संसर्ग ताजा असेल तर प्रतिपिंडे अजून तयार झालेली नसतात आणि चाचणी नकार देते. त्या दिवसांत काचपट्टीच अधिक खरी. आणि ज्या आवरणावर कार्ड बेतलेले आहे ते आवरणच परजीवीत नसेल तर? केनियात ट्रिपॅनोसोमा इव्हान्सीचा असा एक प्रकार आढळला आहे, त्याला ब प्रकार म्हणतात. त्याच्यात रॉटॅट १.२ चे जनुकच नाही. अशा जनावराला अँटवर्पचे कार्ड निरोगी ठरवू शकते.

काचपट्टी आणि प्रतिपिंडांची चाचणी या दोहोंच्या मधली जागा पीसीआर भरते. ट्रिपॅनोसोमच्या डीएनएत १७७ अक्षरांचा एक तुकडा हजारो वेळा पुन्हा पुन्हा येतो. त्यालाच लक्ष्य केल्यामुळे मिलिलिटरला अगदी मोजके परजीवी असले तरी चाचणी होकार देऊ शकते. मेलेल्या परजीवीचा डीएनए रक्तात थोडेच दिवस टिकतो, म्हणून उपचार लागू पडला का हे पाहायला पीसीआर एलायझापेक्षा योग्य. पण तिच्यासाठीही नमुन्यात काहीतरी असावे लागते. सर्राचा परजीवी घोड्याच्या मेंदूत आणि मज्जारज्जूत शिरतो. बरीच औषधे तिथवर पोचत नाहीत. रक्त स्वच्छ, पीसीआर निगेटिव्ह, आणि घोडा मात्र लटपटत चालतो, अशी अवस्था येते. काही आठवड्यांनी तिथून परजीवी पुन्हा रक्तात उतरतात आणि रोग उलटतो. अशा घोड्याची तपासणी एकदा करून भागत नाही.

ट्रिपॅनोसोमचाच दुसरा भाऊ डौरिन हा रोग देतो. तो माशीने नव्हे, घोडा-घोडीच्या संगातून पसरतो आणि परजीवी मुख्यतः जननेंद्रियांच्या ऊतींत राहतो. रक्तात फारच थोडा येतो. म्हणून डौरिनचे निदान सुरुवातीपासून प्रतिपिंडांवरच उभे राहिले. कॅनडाने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात पूरक-बंधन चाचणीने, म्हणजे प्रतिपिंडे रक्तातल्या पूरक प्रथिनांना बांधतात का हे पाहून, हजारो घोडे तपासले आणि हा रोग देशातून हटवला. परजीवी डोळ्यांनी न पाहताही रोग संपवता येतो, हे त्यातून दिसले. मात्र सर्रा आणि डौरिनचे परजीवी इतके जवळचे आहेत की एकाची प्रतिपिंडे दुसऱ्याच्या चाचणीलाही होकार देतात. त्यामुळे सर्रा असलेल्या देशात डौरिनचा अहवाल घोड्याचा पूर्वेतिहास पाहूनच वाचावा लागतो.

घोड्यांच्या आंतरराष्ट्रीय प्रवासाला सर्वांत मोठा अडसर ठरतो तो गोचिडांतून होणारा पायरोप्लाझ्मोसिस. थिलेरिया इक्वी आणि बबेसिया कॅबॅली हे दोन परजीवी तांबड्या पेशींच्या आत राहून त्या फोडतात. ताप, कावीळ, रक्तक्षय आणि थिलेरियात लघवी गडद तांबडी होणे ही लक्षणे. या अवस्थेत रंगवलेली काचपट्टी पुरते. बबेसियाच्या दोन मोठ्या नासपतीच्या आकाराच्या पेशी टोकाला टोक जोडून बसलेल्या दिसतात, तर थिलेरियाच्या चार बारीक पेशी एकत्र येऊन फुलीचा आकार होतो. घोड्याच्या काविळीबद्दल मात्र सावध राहावे लागते. निरोगी घोड्याचा रक्तद्रवही पिवळसर असतो आणि दोन दिवस चारा सुटला तरी तो आणखी पिवळा होतो.

तीव्र आजारातून उठलेला घोडा चांगला दिसतो, कामाला लागतो, पण थिलेरिया इक्वी सहसा त्याच्या रक्तात जन्मभर राहतो. तांबड्या पेशींत त्याचे प्रमाण इतके कमी होते की काचपट्टीवर दिवसभर शोधले तरी सापडू नये. गोचिडांना मात्र तो सापडतो. गाभण घोडीकडून पोटातल्या शिंगराकडेही तो जाऊ शकतो. असे घोडे ओळखण्यासाठी अमेरिकेने अनेक दशके पूरक-बंधन चाचणी वापरली, आणि तिथेच मोठी गफलत झाली. ताज्या संसर्गात ही चाचणी चांगली चालते. पण जुनाट संसर्गात घोड्याचे शरीर आयजीजी-टी नावाच्या वर्गातली प्रतिपिंडे जास्त बनवते, आणि ही प्रतिपिंडे पूरक प्रथिनांना बांधतच नाहीत. म्हणजे ज्या वाहक घोड्यांना सीमेवर अडवायचे, नेमके त्यांनाच ही चाचणी निरोगी ठरवत असे. २००५ मध्ये अमेरिकेने स्पर्धात्मक एलायझा अधिकृत केली. हिच्यात पट्टीवरच्या प्रथिनासाठी घोड्याची प्रतिपिंडे आणि प्रयोगशाळेत बनवलेले एक ठरावीक प्रतिपिंड यांची चढाओढ लावतात. घोड्याने जागा बळकावली तर रंग कमी येतो. रंग ४० टक्के किंवा अधिक दबला तर निकाल पॉझिटिव्ह. आयजीजी-टी असो वा दुसरा वर्ग, जागा अडवली की पुरे.

चाचणी बदलण्याआधी आत आलेल्या घोड्यांचा हिशेब पुढे चुकवावा लागला. २००८ मध्ये फ्लोरिडात थिलेरिया इक्वीचे वीस घोडे सापडले. तिथे गोचिडांपेक्षा एकच सुई अनेकांना वापरल्याचा संशय बळावला. २००९ मध्ये टेक्सासमधल्या एका मोठ्या पशुक्षेत्रावर एका आजारी घोडीच्या तपासणीने सुरुवात झाली आणि तिथल्या ४०० हून अधिक घोड्यांत संसर्ग निघाला. तिथे गोचिडांनी तो वर्षानुवर्षे पसरवला होता आणि बहुतेक घोड्यांत एकही लक्षण नव्हते. त्यांच्यापैकी अनेकांना इमिडोकार्ब या औषधाच्या मोठ्या मात्रा देऊन परजीवी पूर्ण घालवता आला. पीसीआर काही दिवसांत निगेटिव्ह झाली, एलायझा मात्र कित्येक महिने पॉझिटिव्ह राहिली. एखाद्या घोड्याला स्पर्धेसाठी, विक्रीसाठी किंवा प्रवासासाठी मोकळा करायचा की नाही, हे त्या काळात कोणत्या कागदावर विश्वास ठेवायचा यावर अवलंबून होते.

अशा परजीवींमुळेच भारतीय घोड्यांना परदेशी स्पर्धांना नेणे फार काळ कठीण राहिले आहे. थिलेरिया इक्वी आणि सर्रा दोन्ही देशात आहेत, गोचीड आणि माश्याही आहेत. सगळा देश मुक्त करणे नजीकच्या काळात शक्य नाही. म्हणून मेरठ छावणीतल्या लष्कराच्या रिमाउंट व्हेटर्नरी कोअर केंद्रात कडक जैवसुरक्षेखाली घोड्यांचा एक वेगळा गट राखण्यात आला. जुलै २०२५ मध्ये जागतिक पशुआरोग्य संघटनेने त्याला रोगमुक्त विभाग म्हणून मान्यता दिली. ज्या पाच रोगांपासून तो मुक्त मानला गेला त्यांत सर्रा आणि पायरोप्लाझ्मोसिस हे दोन परजीवींचे आहेत. अशा मान्यतेचा पाया म्हणजे पुन्हा पुन्हा केलेली रक्ततपासणी. एकदाच्या नकाराने रोगमुक्ती सिद्ध होत नाही.

आतड्यातल्या जंतांसाठी रक्त तपासण्याची कल्पना प्रथम विचित्र वाटते, कारण जंतांची अंडी लिदेत असतात आणि ती मोजण्याची पद्धत जुनी, स्वस्त आणि उपयुक्त आहे. पण अंडी फक्त प्रौढ मादी घालते. घोड्याला सर्वाधिक धोका अनेकदा अळ्यांकडून असतो. सायथोस्टोमिन या छोट्या जंतांच्या अळ्या मोठ्या आतड्याच्या भिंतीत शिरून महिनोन्‌महिने निजून राहतात. हिवाळ्याच्या अखेरीस त्या लाखोंच्या संख्येने एकदम बाहेर पडल्या तर आतडे सोलवटते, जुलाब लागतात आणि निम्म्यापर्यंत घोडे मरू शकतात. त्या वेळी लिदेत अंडी जवळजवळ नसतात. ब्रिटनमध्ये या अळ्यांविरुद्धची प्रतिपिंडे मोजणारी रक्तचाचणी २०१९ मध्ये उपलब्ध झाली. तिच्यात मोजतात तीही आयजीजी-टी, म्हणजे पूरक-बंधन चाचणीला ज्यांनी चकवले तीच. स्ट्राँगायलस व्हल्गॅरिस हा मोठा जंत याहून कठीण. त्याच्या अळ्या आतड्याला रक्त पुरवणाऱ्या धमनीत शिरून तिथे गुठळ्या करतात, आणि अंडी दिसायला संसर्गानंतर सुमारे सहा महिने लागतात. या अळ्यांसाठीही २०१३ मध्ये एलायझा प्रसिद्ध झाली.

फीतकृमीची गोष्ट आणखी शिकवणारी आहे. ॲनोप्लोसेफाला परफोलिएटा हा कृमी लहान आतडे जिथे मोठ्या आतड्याच्या अंधनालाला मिळते तिथे घोळक्याने चिकटतो. त्याची अंडी लिदेत सलग येत नाहीत, म्हणून लिदेच्या तपासणीत तो वारंवार निसटतो. लिव्हरपूल विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९० च्या दशकात या कृमीच्या १२ आणि १३ किलोडाल्टनच्या प्रथिनांवर रक्तचाचणी उभारली. त्यांच्या १९९८ च्या अभ्यासात, लहान आतड्याच्या शेवटच्या भागात चारा तुंबून झालेल्या पोटशूळापैकी ८१ टक्के आणि पेटके येऊन होणाऱ्या पोटशूळापैकी २२ टक्के प्रकरणांचा संबंध या कृमीशी जोडता आला. त्याआधी त्याला निरुपद्रवी समजणारे पशुवैद्य कमी नव्हते. प्रतिपिंडे इथेही मागे रेंगाळतात, म्हणून जंताचे औषध दिल्यावर चार महिने तरी थांबल्याशिवाय ही चाचणी पुन्हा करण्यात अर्थ नाही. २०१४ पासून लाळेवर होणारी चाचणीही ब्रिटनमध्ये मिळते. तिला सुई लागत नाही. या चाचण्यांमुळे सरसकट औषध देण्याऐवजी गरज असलेल्या घोड्यालाच ते देता येते. जंत औषधांना दाद देईनासे झाले असताना ही निवड फार मोलाची आहे.

नेहमीच्या रक्तगणनेवरून मात्र परजीवीचे निदान होत नाही, फक्त दिशा मिळते. इओसिनोफिल पेशी वाढल्या म्हणजे जंत, हा समज घोड्यात अनेकदा चुकतो. भरपूर जंत असूनही त्या वाढत नाहीत. अल्ब्युमिन घटलेले आणि ग्लोब्युलिन वाढलेले असणे अधिक अर्थपूर्ण. तांबड्या पेशींचे प्रमाण प्रौढ घोड्यात साधारण ३२ ते ४८ टक्के असते, पण घोडा बिथरला की प्लीहा आकुंचन पावून साठवलेल्या तांबड्या पेशी रक्तात सोडते आणि आकडा वाढतो. धडपड करणाऱ्या घोड्याचा रक्तक्षय अशा वेळी झाकला जातो.

महाराष्ट्रात तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत, नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावला खंडोबाच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. जाणकार गिऱ्हाईक दात पाहून वय ठरवतो, अंगावरचे भोवरे तपासतो, रेवाल चाल पाहतो. हे बाजार माश्यांचा जोर ओसरल्यावर भरतात, आणि भाद्रपदात संसर्ग झालेला घोडा मार्गशीर्षात वरून ठीक दिसू शकतो. परगावाहून आणलेला घोडा तबेल्यातल्या इतरांपासून काही आठवडे वेगळा ठेवून, आल्यावर एकदा आणि वेगळा ठेवण्याची मुदत संपताना पुन्हा एकदा, काचनळीची तपासणी आणि एलायझा दोन्ही करून घेणे हा सर्रासाठीचा व्यवहार्य मार्ग आहे. मधल्या काळात ताप आला तर त्याच दिवशी रक्त घ्यावे. नळीबरोबरच्या चिठ्ठीत ताप कधी आला, रक्त कोणत्या तारखेला आणि किती वाजता घेतले, आधी कोणते औषध कधी टोचले, घोडा कुठून आला, घोडी गाभण आहे का हे लिहिलेले असावे. शिंगरू असेल तर त्याचे वय हवेच, कारण आईच्या चिकातून मिळालेली प्रतिपिंडे त्याच्या रक्तात तीन-चार महिने राहतात आणि संसर्ग नसतानाही एलायझा होकार देते. असे शिंगरू पॉझिटिव्ह आले तर पीसीआर करावी, किंवा ते मोठे झाल्यावर पुन्हा रक्त घ्यावे.